‘केयी’चं स्टिकर: मोबाइलवर वाढणाऱ्या पोरांसाठी घरात काय करायचं, क्रमाने

गेल्या वर्षी आठवीच्या वर्गाला विज्ञानाचा प्रकल्प दिला होता, केळीच्या खोडापासून धागा. यावल तालुक्यातल्या एका खेड्यातून आमच्या गावी मामाकडे शिकायला आलेल्या मुलाने वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाज पाठवला. सगळा मिळून अकरा सेकंदांचा. ‘‘मॅडमनी केयीच्या खोडाचा धागा आनाले सांगितला, कोनाकडे भेटीन?’’ एवढंच. संध्याकाळपर्यंत त्या अकरा सेकंदांच्या मागे बँड लागला होता आणि रात्री त्याच्या ओळखपत्रावरच्या फोटोचं स्टिकर फिरत होतं. खाली एकच शब्द, ‘केयी’.

खान्देशात केळीला केयी म्हणणं काही जगावेगळं नाही. हसणाऱ्या चौघांच्या घरातल्या आज्या शाळेला शाया आणि डोळ्याला डोयाच म्हणतात. ज्या बोलीत बहिणाबाईंनी कविता रचली, ज्यांच्या नावाचं विद्यापीठ आज जळगावात उभं आहे, त्याच बोलीतल्या एका शब्दाची ही टिंगल. मुलगा चार दिवस शाळेत आला नाही. मामीचा फोन आला, ‘‘पोट दुखू राह्यलं त्याचं, मॅडम.’’

स्टिकर करणारा पोरगा वाईट नाही. सुटीत याच मुलासोबत क्रिकेट खेळणारा. त्याला एकट्याला बसवून विचारलं, ‘‘हे तू त्याच्या तोंडावर म्हणाला असतास का?’’ बराच वेळ तो पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘नाही मॅडम. समोर असता तर त्याचं तोंड दिसलं असतं ना.’’

मुलं आणि मोबाइल यावर पुष्कळ वाचलं, पालकसभांमध्ये पुष्कळ बोलले. या वाक्याइतकं नेमकं काही सापडलं नाही. पुढं जे क्रमाने लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं: मोबाइलवरच्या बोलण्यात समोरच्याचं तोंड दिसत नाही, आणि तोंड वाचायला पोरं शिकतात ती फक्त सरावानं.

सुरुवातीला थोडं समजून घेऊ

२०१४ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात एक साधा प्रयोग झाला. सहावीच्या ५१ मुलांना पाच दिवस निसर्ग शिबिरात ठेवलं, तिथं टीव्ही नाही, फोन नाही, संगणक नाही. तशाच दुसऱ्या मुलांचा गट नेहमीसारखा घरी राहिला. आधी आणि नंतर दोन्ही गटांना चेहऱ्यांचे फोटो आणि मुके व्हिडिओ दाखवून विचारलं, या माणसाला काय वाटतंय? शिबिरातून आलेली मुलं पाच दिवसांत घरच्या मुलांपेक्षा जास्त सुधारली. मला यातला ‘पाच दिवस’ हा भाग फार धीर देतो. गेलेलं परत येतं, आणि लवकर येतं.

आता दुसरी बाजू, कारण पालकांच्या ग्रुपवर घाबरवणारेच मेसेज जास्त फिरतात. २०१९ मध्ये दोन संशोधकांनी साडेतीन लाखांवर किशोरवयीन मुलांची माहिती तपासली. मुलांच्या मनःस्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्यातला जास्तीत जास्त ०.४ टक्के फरक स्क्रीनच्या वापराशी जोडता येतो, असं त्यांना आढळलं. त्यांनीच गमतीनं दाखवून दिलं की बटाटे खाण्याचा संबंधही जवळपास तेवढाच निघतो! उलट अमेरिकेच्या सर्जन जनरलने, म्हणजे तिथल्या सरकारच्या मुख्य डॉक्टरने, २०२३ मध्ये इशारा दिला की दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त सोशल मीडियावर असणाऱ्या किशोरांमध्ये नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांचा धोका दुपटीचा असतो.

दोन्ही खरं आहे. नुसते तास मोजून फार कळत नाही. मोबाइलवर पोरगं काय करतं, कोणाशी बोलतं आणि त्या वेळात काय बुडतं, झोप, खेळ की ओट्यावरच्या गप्पा, यावर सगळं ठरतं. म्हणून पहिली पायरी घड्याळाची नाही.

पायरी १: आठ दिवस फक्त वहीत लिहा

काही बदलू नका, काही बोलू नका. एक जुनी वही घ्या. मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ असतं, तिथं कोणतं ॲप किती वेळ चाललं ते दिसतं. पण तो आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. वहीत चार प्रकार वेगळे करा: बघणं (रील, यूट्यूब), खेळणं (फ्री फायर मॅक्स वगैरे), बोलणं (मेसेज, कॉल) आणि टाकणं (स्टेटस, फोटो). समोर दोन गोष्टी लिहा: त्या वेळी काय बुडालं आणि मोबाइल ठेवल्यावर पोराचा चेहरा कसा होता.

माझ्या मुलाच्या वहीतली एक ओळ: ‘बुधवार, साडेआठ ते पावणेदहा, खेळणं. जेवण गार झालं. ठेवल्यावर हसत होता, मित्राशी बोलत खेळला.’ आणि दुसरी: ‘गुरुवार, नऊ ते साडेनऊ, टाकणं. स्टेटस टाकलं, सात वेळा उघडून कोणी पाहिलं ते पाहिलं. ठेवल्यावर गप्प. भाकर अर्धी सोडली.’ तास बघितले तर बुधवार वाईट. चेहरा बघितला तर गुरुवार. हे लिहिलं नसतं तर मी बुधवारीच ओरडले असते.

‘अभ्यासासाठी लागतो’ हे वाक्यही या वहीत तपासून घ्या. ‘असर’ या शिक्षणाच्या देशभरातल्या पाहणीच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भागातल्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांना विचारलं होतं. आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी स्मार्टफोन वापरला असं ५७ टक्क्यांनी सांगितलं, सोशल मीडियासाठी वापरला असं ७६ टक्क्यांनी.

पायरी २: आधी आपला मोबाइल

ही पायरी सगळे टाळतात. मीही टाळली होती.

एक दिवस मुलगा शाळेतून येऊन काहीतरी सांगत होता. मी शिक्षकांच्या ग्रुपवर रजेचं काहीतरी टाइप करत होते, आणि ‘हं, हं’ चाललं होतं. तो मधेच थांबला आणि त्याच सुरात म्हणाला, ‘‘आणि मग वर्गात वाघ आला.’’ मी म्हटलं, ‘‘हं, मग?’’ तो उठून गेला. त्या दिवशी खरं काय सांगायचं होतं ते त्याने मला अजून सांगितलेलं नाही.

एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात तान्ह्या बाळांवर एक प्रयोग केला. आई बाळाशी खेळते, मग दोन-तीन मिनिटं दगडासारखा चेहरा करून नुसती बघत राहते. बाळ आधी हसून, हात हलवून आईला परत बोलावू बघतं, मग कळवळतं, तोंड फिरवतं. त्या वेळी स्मार्टफोन नव्हते. पण मेसेज वाचणाऱ्या आईबापाचा चेहरा कसा असतो, ते एकदा आरशात बघा.

आमच्या घरी दाराजवळ एक दुरडी ठेवली आहे. संध्याकाळी साडेसात ते नऊ सगळ्यांचे मोबाइल त्यात, माझा पहिला. सवलत फक्त खऱ्या कामाला. शेतीला लाईट कधी येते त्याचा भरवसा नाही आणि मोटारीचा स्टार्टर मोबाइलवरून चालू करायचा असतो, हे घरातल्या पोरालाही कळतं. मग मोबाइल उचलताना मोठ्याने सांगायचं, ‘‘मोटार लावतोय,’’ आणि लावून परत दुरडीत. मोटार लावायला गेलेला माणूस वीस मिनिटं रील बघत बसला की नियम त्याच दिवशी मोडतो, आणि मोडला कोणी ते पोरं विसरत नाहीत.

पायरी ३: झोप

एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. चार्जर झोपायच्या खोलीबाहेर. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते, १३ ते १८ वर्षांच्या मुलाला ८ ते १० तास. रात्री बारापर्यंत ग्रुपवर असलेला मुलगा सकाळी सातच्या शाळेत माझ्यासमोर बसतो तेव्हा त्याला गणित येत नाही ते गणितामुळे नाही. अपुऱ्या झोपेचा मुलगा चिडतो, समोरच्याच्या साध्या बोलण्यातही टोमणा ऐकतो आणि रात्री पुन्हा मोबाइलकडे जातो.

‘गजर लावायला मोबाइल लागतो’ म्हणेल. बाजारातून गजराचं घड्याळ आणा. उन्हाळ्यात धाब्याच्या छतावर, गच्चीवर झोपतो तेव्हा विशेष लक्ष ठेवा. गोधडीच्या आतला उजेड दुसऱ्या गच्चीवरून दिसतो, हे मी शेजाऱ्यांच्या पोराबद्दल शपथेवर सांगू शकते.

पायरी ४: वयाचं गणित, थोडक्यात

इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटना. त्यांचं म्हणणं असं: दोन वर्षांच्या आत स्क्रीन नाहीच, नातेवाइकांचा अधूनमधून व्हिडिओ कॉल एवढा अपवाद. दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्या माणसासोबत. पाच ते दहा वर्षांत दोन तासांच्या आत. त्यापुढं झोप, अभ्यास, घरातली माणसं आणि मैदानावरचा तासभर, हे सगळं झाल्यावर जो वेळ उरेल तो. घास भरवताना मोबाइल धरायची सवय असेल तर ती आधी सोडवा. तीन-चार दिवस पोर कमी जेवतं, रडतं. मग जेवतं. उपाशी कोणी राहत नाही.

पायरी ५: दूरच्या माणसाशी टाइप नाही, आवाज

मोबाइलला नुसतं शिव्या देणं मला पटत नाही, त्याचं कारण सुरत. आपल्याकडच्या किती घरांतला बाप, काका, मोठा भाऊ उधना-लिंबायतला कामाला आहे ते मोजायला गेलं तर बोटं पुरत नाहीत. नंदुरबारकडून जाणाऱ्या गाडीत बसलेला बाप दिवाळीला आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी येतो. मधले महिने तो मोबाइलमध्येच राहतो. सातपुड्यातल्या आश्रमशाळेत राहणाऱ्या पोरांचंही तसंच.

त्या बापासाठी एक उपयोगाची गोष्ट. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये साडेसात ते बारा वर्षांच्या मुलींना अनोळखी माणसांसमोर गणितं आणि भाषण करायला लावलं, म्हणजे चांगलाच ताण दिला. नंतर काही मुलींना आई प्रत्यक्ष भेटली, काहींशी फोनवर बोलली, काहींशी टाइप करून बोलली, काहींना भेटलीच नाही. आईचा आवाज ऐकलेल्या मुलींच्या शरीरातलं ताणाचं संप्रेरक खाली आलं. नुसते मेसेज वाचलेल्या मुली मात्र आई न भेटलेल्या मुलींसारख्याच राहिल्या. शब्द तेच असतील, आधार आवाजानं मिळाला.

तेव्हा ‘गुड मॉर्निंग’चं फूल आणि अंगठा याऐवजी पाच मिनिटांचा कॉल. वेळ ठरलेली ठेवा, कामाची पाळी सुटल्यावर असो की जेवणाआधी. वेळ चुकली की पोर वाट बघत बसतं आणि पुढच्या वेळी मुद्दाम उचलत नाही. ‘अभ्यास केला का?’ या प्रश्नानं सुरुवात करू नका, त्याचं उत्तर ‘हो’ एवढंच असतं आणि तेही खोटं. ‘आज डब्याला काय होतं, कोणी खाल्लं?’ असं विचारा. नंतर आपलंही सांगा, कारखान्यातला मास्तर कसा आहे, खोलीवर भाजी कोणी जाळली. घरच्या बायांनी फोन पोराच्या हातात देऊन बाजूला व्हावं. मागून ‘सांग ना, सांग ना’ करत उभं राहिलं की पोर बोलत नाही.

पायरी ६: ग्रुप, आणि तिथले नियम

त्या मुलाकडे पाचव्या दिवशी मी घरी गेले. पोट दुखत नव्हतं हे मामीलाही कळलं होतं. तो बोलला उशिरा, आणि बोलला ते स्टिकरबद्दल नाहीच. त्या रात्री त्याने ग्रुपवर एक ओळ टाकली होती, ‘डिलीट करा ना रे’. मग त्या ओळीवर बोट दाबून, इन्फोमध्ये जाऊन, कोणी वाचली ती नावं तो खाली-वर करत बसला होता. ग्रुपमध्ये एकेचाळीस जण. ‘‘सगळ्यांनी वाचलं होतं मॅडम. निळी टिक आली होती.’’ चौघं हसले होते. छत्तीस गप्प बसले होते. त्याला लागलं ते छत्तिसांचं.

वर्गात असतं तर त्या छत्तिसांतल्या दोघा-चौघांनी तरी नजर टाकली असती, कोणी सुटीत खांद्यावर हात ठेवला असता. ग्रुपवर गप्प बसणाऱ्याचा चेहराही दिसत नाही. त्यामुळं पोराला वाटतं सगळं जग विरोधात आहे. म्हणून आमच्या घरी आणि आता वर्गातही कागदावर चार नियम आहेत.

पहिला, भांडण टाइप करायचं नाही. राग आला की मोबाइल ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी तोंडावर बोलायचं. टाइप केलेल्या ‘बरं’ या एका शब्दाचे चार अर्थ होतात, तोंडानं म्हटलेल्याचा एकच.

दुसरा, कोणाचा फोटो, आवाज, व्हिडिओ त्याला विचारल्याशिवाय पुढं जाणार नाही. गंमत म्हणूनही नाही.

तिसरा, नऊनंतर ग्रुप बंद.

चौथा सगळ्यात महत्त्वाचा. कोणाची टिंगल चालली असेल तर ग्रुपवर शूरपणा दाखवायची गरज नाही, पण त्या पोराला वेगळा फोन करायचा. काय बोलायचं ते मुलांना सुचत नाही, म्हणून सराव करून घ्या. ‘मी बघितलं. मला नाही आवडलं ते. उद्या सोबत जाऊ शाळेत.’ तीन वाक्यं. आईनं दोनदा, पोरानं दोनदा, हसत-हसत म्हणून बघायचं. वेळ आली की तोंडात येतात.

माफीही शिकवावी लागते. ‘सॉरी’ आणि हात जोडलेलं चित्र पाठवलं की मुलांना वाटतं झालं. स्टिकर करणाऱ्या पोराला मी घेऊन गेले. दारात उभा राहून त्याने काय केलं ते सांगितलं, परत करणार नाही म्हणाला, आणि मग खूप वेळ कोणीच काही बोललं नाही. ती शांतता मी मुद्दाम मोडली नाही. शेवटी मामीनंच दोघांना शेंगदाणे आणून दिले.

सेटिंग्जचंही काम उरकून घ्या. व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी, ग्रुप्स इथं जाऊन ‘माय कॉन्टॅक्ट्स’ करा, म्हणजे अनोळखी माणूस पोराला कुठल्याही ग्रुपमध्ये ओढू शकत नाही. ॲडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, म्हणून वर्गाच्या ग्रुपला एक मोठा माणूस ॲडमिन असू द्या. व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम दोन्हींची वयाची अट किमान १३ आहे. इन्स्टाग्रामवर किशोरांचं खातं आता आपोआप खासगी होतं आणि १६ च्या आतल्या मुलाला ते सैल करायला पालकांची परवानगी लागते. मात्र जन्मसाल खरं टाकलं असेल तरच. माझ्या वर्गातली किती तरी पोरं इन्स्टाग्रामवर पंचविशीची आहेत! जन्मसाल आज संध्याकाळी तपासा. लहान मुलांच्या फोनला गुगलचं फॅमिली लिंक लावता येतं, नवं ॲप टाकायला मग तुमची परवानगी लागते. पण चोरून हेरगिरी करू नका. जे लावाल ते पोराला सांगून लावा. एकदा पकडले गेलात की पोरगं दुसरा फोन शोधतं, आणि गावात दुसरा फोन मिळतो.

पायरी ७: समोरासमोरचा सराव

काढून घेतलेल्या वेळात काय ठेवायचं, हे ठरलेलं नसेल तर वरच्या सगळ्या पायऱ्या पंधरा दिवसांत कोसळतात.

मे महिन्याचीच गोष्ट घ्या. पारा ४४-४५ वर, अकरानंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. ‘बाहेर जाऊन खेळ’ असं पुण्याच्या तज्ज्ञाने सांगावं, आपण नाही. आपल्याकडं उन्हाळ्याचं वेळापत्रक वेगळं लागतं: सकाळी सहा ते नऊ मैदान, संध्याकाळी सहानंतर पुन्हा. मधल्या दुपारी घरात बसून खेळायचं ते दोघांत-चौघांत, पत्ते, कॅरम, सागरगोटे, चिंचोके. आजीला पंच करा. ती खोटं खेळते, पोरं तिच्याशी भांडतात, ते भांडण तिथंच मिटतं. मोबाइलच्या खेळात हरलं की बाहेर पडता येतं. पत्त्यात हरलं तर जिंकलेल्याच्या तोंडाकडं बघत पुढचा डाव पिसावा लागतो.

छोटी कामं अनोळखी माणसांशी बोलायची द्या. बाजाराच्या दिवशी भाजीचा भाव पोराने करायचा. एसटीचं तिकीट त्याने काढायचं. पिठाच्या गिरणीत ‘कधी येऊ?’ त्याने विचारायचं. पहिल्यांदा तो तुमच्या मागे लपेल, आवाज निघणार नाही. मधे पडू नका. दुकानदार थांबतो.

हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी ठरली की पोरांना फोटो काढायला ठेवू नका. वांगी भाजायला काट्या गोळा करणं, लाकडी बडजीत भरीत कुटणं, पुऱ्या वाढणं अशी कामं वाटून द्या. वाढताना कोणाला हवंय, कोण नुसतं लाजून ‘नको’ म्हणतंय हे चेहऱ्यावरूनच ओळखावं लागतं. श्रावणात कानबाई देवीचे रोट असतात, सगळे भाऊबंद एका घरात. आखाजीला झोके असतात. अशा दिवशी मोबाइलची दुरडी सकाळपासूनच भरा. हा सराव आपल्याकडं आयताच चालत आलाय, त्यासाठी शहरात लोक शिबिराची फी भरतात.

आजीशी अहिराणी किंवा लेवा, जी असेल ती बोली बोलू द्या. पोरं खेळताना ‘भाई, रिवाइव दे’ असं हिंदी बोलतात, शाळेत प्रमाण मराठी, आणि आजीने ‘काय करी ऱ्हायना रे?’ विचारलं की मान हलवतात. बोली गेली की घरातलं एक ऐकणारं माणूस जातं. पोराला आईबापाला सांगता येत नाही ते आजीला सांगता येतं, पण तिच्या भाषेत.

वर्गात आम्ही भिंतीवर एक फळा ठेवलाय. ग्रुपवर टाकायची गोष्ट त्यावर हाताने लिहायची, खाली नाव. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवताना साने गुरुजी छात्रालयातल्या मुलांसाठी रोज हाताने लिहिलेला अंक काढत, तिथून ही युक्ती उचलली. नाव लिहावं लागलं की भाषा आपोआप सुधारते.

पायरी ८: सवयीच्या पुढं गेलं असेल तर

मोबाइल काढला की चिडणं ही सवय आहे. एका झटक्यात हिसकावू नका, आठवड्याला अर्ध्या तासानं कमी करा, पहिले दहा दिवस आदळआपट धरूनच चाला. पण काही खुणा वेगळ्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंगचा विकार आजारांच्या यादीत घेतलाय. खेळण्यावर ताबा उरत नाही, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होतो, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण बारा महिने चालू राहतं, तेव्हा तो विकार म्हणतात. त्याआधीच मदत घ्यावी. दोन आठवड्यांच्या वर उदास राहणं, मित्र तोडणं, शाळेच्या दिवशीच पोट-डोकं दुखणं, झोप-भूक बिघडणं, मोबाइलची रिंग वाजली की दचकणं, हे दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. ‘बाहेरचं काही’ शोधत फिरू नका. ‘मला जगायचं नाही’ असं पोर एकदा जरी म्हणालं तर नाटक समजू नका, त्याच दिवशी मदत मागा आणि त्याला एकटं सोडू नका.

मनाच्या त्रासासाठी टेलिमानस हा सरकारी मोफत क्रमांक १४४१६, कधीही लावा, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८. पैशाची ऑनलाइन फसवणूक झाली तर ताबडतोब १९३०. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर २०२५ च्या कायद्यानं बंदी आलीय, तरी लिंक फिरतातच. पोरानं घरचे पैसे घालवले असतील तर मारण्याआधी १९३० लावा.

कोणी फोटोवरून धमकावत असेल तर पैसे देऊ नका, चॅट डिलीट करू नका. स्क्रीनशॉट, नंबर, तारीख जपून ठेवा, मग ब्लॉक करा आणि सायबर पोलिसांत किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. १८ वर्षांच्या आतल्या मुलाचं लैंगिक शोषण २०१२ च्या पोक्सो कायद्यात येतं. आणि त्या रात्री पोराला पहिलं वाक्य हे म्हणा, ‘‘तू सांगितलंस ते बरं केलंस.’’ मोबाइल काढून घेण्याची भीती असली की पोरं शेवटपर्यंत सांगत नाहीत. म्हणून हे आधीच, काही झालेलं नसताना सांगून ठेवा: ‘‘काहीही झालं तरी सांगितल्याबद्दल मोबाइल जाणार नाही.’’ आणि मग तो शब्द पाळा, कितीही जड गेला तरी.

ते स्टिकर कोणाच्या तरी फोनमध्ये अजून असेल. ते काही पुसता आलं नाही. मुलगा मात्र शाळेत आला. धागा त्याने मामाच्या ओळखीच्या शेतातून खोड आणून स्वतः काढला, बोटं काळी पडेपर्यंत. फेब्रुवारीत तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात स्टॉलवर तोच उभा होता आणि स्टिकर करणारा त्याच्या शेजारी तक्ता धरून. परीक्षक आले, पांढऱ्या केसांचे, यावलकडचे. मुलगा घाईघाईत बोलून गेला, ‘‘सर, हा केयीच्या खोडाचा...’’ आणि थांबला. कान लाल झाले. शेजारच्यानं तक्ता आणखी घट्ट धरला.

परीक्षकांनी धागा दोन बोटांत ओढून बघितला. म्हणाले, ‘‘कोन्ती केयी? बसराई का श्रीमंती?’’

मुलानं मान वर करून त्यांच्या तोंडाकडं बघितलं.

‘‘जी-नाइन, सर.’’